पेटत नसलेला हीटर

मोंटानातली थंडी त्यांच्या राहत्या ट्रेलरच्या पत्र्यातून आत शिरली होती. हीटरचा पंखा फिरत होता, पण आतली ज्योत काही पेटत नव्हती. वेंडेल जमिनीवर पालथा पडून हीटर उघडत होता. डोरीन तोंड फिरवून टॉर्च धरून उभी होती.

"गॅस संपला असेल."

"शेगडी पेटतेय की."

"मग कचरा अडकला असेल. पण तू कुठे कचरा राहू देतोस! मर्फी गेला त्याच दिवशी त्याचं अंथरूण, वाटी, पट्टा, सगळं टाकून आलास. गालिचासुद्धा झाडलास. जसं काही आपल्याकडे कधी कुत्रं नव्हतंच."

"बघवत नव्हतं गं."

हवेच्या झोताने उघडणारी एक इवलीशी झडप आत अडकली होती; ती उघडल्याशिवाय ज्योत पेटत नसे. वेंडेलने चिमट्याने ओढलं, तर तांबूस केसांचा पुंजका बाहेर आला. हिवाळाभर मर्फी याच हीटरच्या जाळीला पाठ लावून झोपायचा.

वेंडेलने तो पुंजका तिच्या तळहातावर ठेवला. "हा बघ बिघाड. आता पेटेल. लावतो."

डोरीनने मूठ मिटली. थंडीने तिचे दात वाजत होते.

"थांब, इतक्यात नको लावूस. आत अजून केस आहेत का बघ."