हँडब्रेक

“अण्णा, इकडे या जरा.”

लेक सागाच्या पानगळीत गंजत पडलेल्या टेम्पोचे फोटो संगणकावर नीट करत होती. बावीस वर्षांपूर्वी अण्णांनी उतारावर उभा केलेला हाच टेम्पो घरंगळत सागांत जाऊन अडकला आणि त्याखाली सापडून टेम्पोच्या मालकांचा पाय गेला. तेव्हापासून तो तिथंच पडून होता, केबिनला कुणी हातही लावला नव्हता. अण्णा हँडब्रेक ओढायला विसरले, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. अण्णांनीही ते मानलं. पुन्हा त्यांनी स्टिअरिंगला हात लावला नाही.

लेकीनं फोटोत केबिनमधला काळोख उजळला. वाळक्या पानांतून हँडब्रेकचा दांडा दिसला, पूर्ण वर ओढलेला, तसाच गंजून बसलेला.

“म्हणजे ओढला होता मी. ब्रेकनंच दगा दिला,” अण्णा पुटपुटले. डोळे पुसून त्यांनी खुंटीवरची लेकीच्या गाडीची किल्ली काढली.

“चल, मालकांना दाखवून येऊ. गाडी मी चालवतो.”