रिकामा पट्टा

"फर्मिनआजोबा, कुत्रा तर नाही, मग रिकामा पट्टा घेऊन कुणाला फिरवता?" मैत्रिणींनी पैज लावली म्हणून इत्सेलनं खिदळत विचारलंच.

सोनोराच्या वाळवंटात वादळी पाऊस नुकताच थांबला होता. निवडुंगांमधल्या वाटेवर आजोबा वाकून विषारी बेडूक बादलीत भरत होते.

"गेल्या उन्हाळ्यात माझ्याकडून फाटक उघडं राहिलं गं पोरी. असाच पाऊस पडून गेलेला. माझा कुत्रा कानेलो एकटाच फिरायला पळाला आणि बेडूक चाटून आला. नळीनं तोंड किती धुतलं त्याचं, पण गेला. आता तुमची कुत्री फिरायला निघायच्या आत वाट साफ करतो. पट्टा आपला सवयीनं हातात."

इत्सेल पैज विसरून घरी धावली.



"आई, बाबा, मी आजोबांना आजच सांगून टाकणार आहे. कानेलो पळाला त्या दिवशी त्यांच्या अंगणातून चेंडू घेऊन पळाले, तेव्हा फाटक मीच उघडं टाकलं होतं."