लेलँडची काडतुसं

"यांना काही करायचं नाही. आहेत तशी रविवारी उडवायची," इर्मा म्हणाली आणि तिने प्लास्टिकची पेटी डेल्मरच्या हातात ठेवली.

पेटीत पिस्तुलाची काडतुसं होती, घरी भरलेली. इर्माचा नवरा लेलँड महिन्यापूर्वी गेला. पेटी त्याच्याच गॅरेजमधल्या बाकावरून आणलेली होती. रविवारी नेमबाजी क्लबच्या मैदानावर त्याला निरोप द्यायचं ठरलं होतं. त्याचंच पिस्तूल घेऊन त्याची मुलगी जोलीन समोरच्या टेकडीवर गोळ्या झाडणार होती.

"मी नवी भरून देतो ना," डेल्मर म्हणाला.

"हीच हवीत."

"इर्मा, दुसऱ्याने भरलेलं काडतूस आपल्याकडे कुणी उडवत नाही. तुला माहीत आहे."

"लेलँड आता तुला दुसरा झाला होय रे?"

पेटी काखोटीला मारून डेल्मर घरी आला.

क्लबात सुरक्षेचं काम त्याच्याकडे होतं आणि त्यावरून त्याची यथेच्छ चेष्टा व्हायची. डेल्मर स्वतःच्या लग्नातही कानात बोळे घालून उभा होता, असं लेलँड नव्या माणसाला हमखास सांगायचा. पण काडतुसं भरायला डेल्मरला शिकवलं ते लेलँडनेच. बाकावर बंदुकीच्या दारूचा एकच डबा उघडा ठेवायचा, दुसरा कपाटात. दोन जातींची दारू एकत्र झाली की खेळ खलास.

त्याने भिंग लावून एक काडतूस पाहिलं आणि त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या. गोळ्यांना तांब्याचा मुलामा दिलेला होता. असल्या गोळीवर पितळी पुंगळीचं तोंड हलक्या हाताने आवळावं लागतं, नाहीतर तो पातळ मुलामा चिरतो. इथे तोंड करकचून आवळलेलं होतं. दुसरं तसंच, तिसरंही. हा लेलँडचा हात नव्हे. निदान पूर्वीच्या लेलँडचा तरी नव्हे.

त्याने एक काडतूस गोळी काढायच्या पोकळ हातोडीत बसवलं, आपटून गोळी सुटी केली आणि आतला ऐवज बशीत ओतला. खाली काळी दारू होती. वर करड्या रंगाचं काहीतरी भरड होतं.

दोन जातींची दारू एकत्र! आणि तेही लेलँडकडून! गडी शेवटी इतका थकला होता आणि दर शनिवारी त्याच्यासमोर कॉफी ढोसत बसणाऱ्या आपल्याला पत्ताही लागला नाही. त्याला रडू आलं.

ही काडतुसं तशीच उडवली तर पिस्तूल पोरीच्या हातात फुटेल, बोटं जातील. आणि लेलँडला शेवटी भ्रम झाला होता असं गावभर होईल ते वेगळंच. इर्माला सांगावं, तर तिच्या जिवाला आणखी घोर.

त्याने दार लावून घेतलं आणि एकूण एक काडतूस सोडवलं. मग त्याच पुंगळ्यांत आपली दारू घातली, मुलामा दिलेल्या नव्या गोळ्या बसवल्या आणि तोंडं अगदी बेताने आवळली. पेटी पूर्वीसारखी दिसू लागली. बशीतली खराब दारू त्याने टोमॅटोच्या वाफ्यात पसरली आणि वर पाणी मारलं. मोंटानात सगळे हेच करतात. खत म्हणून उत्तम.

रविवारी निम्मं गाव मैदानावर आलं. जोलीनने नेम धरला तेव्हा डेल्मर तिच्या मागेच उभा होता. एकही काडतूस अडलं नाही. टेकडीवर धुळीचे लोट उठत राहिले आणि प्रत्येक बाराला इर्मा पुटपुटत राहिली. पेटी रिकामी झाली तेव्हा डेल्मरने सुटकेचा श्वास सोडला. मित्राची अब्रू राखली होती. त्याला मनापासून बरं वाटलं.

जोलीन येऊन त्याच्या गळ्यात पडली. "डेल्मरकाका, माझा जीव नुसता टांगणीला लागला होता! पहिल्यांदाच भरली होती मी."

"तू? तू भरलीस?"

"मग काय! बाबा गेल्यावर, त्यांच्याच बाकावर बसून. फार आवळली गेली का हो? तुमच्या नजरेतून सुटायचं नाही."

डेल्मर रिकाम्या पेटीकडे बघू लागला.

"तिच्यावर रागावू नकोस," इर्मा त्याचा दंड धरून म्हणाली. "तुला आधी सांगितलं असतं तर तू सतरा नियम काढले असतेस, म्हणून गप्प बसलो. प्रत्येकात दारूवर चिमूटभर राख घातली होती, लेलँडची. बाकीची नदीत सोडली. पण एवढी टेकडीवर उडवीन म्हणून त्याच्या उशाशी बसून शब्द दिला होता मी." तिने डोळे पुसले. "आज सुटले एकदाची त्या शब्दातून."