चौथी आठवण

"तीन खऱ्या आणि एक खोटी," मानसशास्त्राच्या बाई म्हणाल्या. "घरातल्या एका माणसाला जुन्या चार गोष्टींची आठवण करून द्यायची. खोटी गोष्ट अगदी थोडक्यात सांगा. रंग तुम्ही भरायचे नाहीत. समोरचा भरतो का, ते बघायचं."

"बाई, म्हणजे थापा मारायला मार्क?" मागून कोणीतरी विचारलं. वर्गात खसखस पिकली.

"थापा मारायला नाही. नंतर कबूल करायला."

आठवण म्हणजे कपाटात जपलेला फोटो नव्हे, मन ती दर वेळी नव्याने रचतं, हे बाईंनी आदल्या दिवशीच शिकवलं होतं. वर्गाला ते फारसं पटलं नव्हतं. म्हणून हा प्रयोग. अट एकच. खोटी गोष्ट खरोखरच घडलेली नाही ना, याची आधी मोठ्या माणसाकडून खात्री करून घ्यायची.

धाकटीने माणूस तिथेच ठरवला. वडील गेल्यापासून घरात आई, दादा आणि ती एवढेच. दादा तिच्याहून बराच मोठा, चष्म्याच्या दुकानात काचा बसवायचा. स्मरणशक्तीचा त्याला भारी तोरा. त्याला फसवण्यात मजा होती.

संध्याकाळी आई उशांना अभ्रे घालत बसली होती.

"आई, मी लहानपणी कधी हरवले होते का गं?"

आईचा हात अभ्र्यात तसाच राहिला. "हरवलीस? तू? छे! तुला मी कधी नजरेआड होऊ दिलंय का?" मग तिने उशी जोरात झटकली. "हे काय काढलंस आज?"

"शाळेचं आहे."

"काहीतरीच शिकवतात," आई म्हणाली आणि दुसरी उशी ओढली.

खात्री झाली. दुसऱ्या दिवशी दादाचा डबा घेऊन धाकटी दुकानात गेली. गिऱ्हाईक नव्हतं. दादा एका फ्रेमची दांडी जोडत होता. तिने एकेक गोष्ट काढली. तिने नाकात मणी घातला होता ती, त्याने तिचे केस कापून मार खाल्ला होता ती, सायकल शिकवताना दोघंही गटारात पडले होते ती. दादा प्रत्येक गोष्टीला खो खो हसला.

"आणि मी गर्दीत हरवले होते म्हणे, अगदी लहान असताना."

दादाच्या बोटांतला बारीक स्क्रू निसटला आणि काउंटरखाली घरंगळत गेला. तो शोधायला वाकलाही नाही.

"कोणी सांगितलं?"

"आईने." एवढं खोटं बोलायची बाईंची परवानगी होती.

"आईने? स्वतःहून?"

"हो."

तो फडक्याने एकच काच कितीतरी वेळ पुसत राहिला. "मला नाही आठवत," शेवटी म्हणाला. "घरी जा आता. ऊन वाढतंय."

धाकटी खुशीत घरी आली. आधी माणूस नाहीच म्हणतो, मग हळूहळू त्याला आठवायला लागतं, असं बाईंनी सांगितलंच होतं.

झालंही तसंच. चार-पाच दिवसांनी आई बाहेर गेलेली असताना दादा आपण होऊन तिच्यासमोर येऊन बसला.

"ते हरवण्याचं विचारलंस ना? आठवतंय मला. सगळं आठवतंय."

"सांग की!"

"स्टेशनवर. पिवळा फ्रॉक होता तुझ्या अंगात, एका पायात बूट, दुसरा पाय उघडा. बाकाखाली बसून रडत होतीस. नाव विचारलं की आणखी भोकाड. लाउडस्पीकरवरून सारखं सांगत होते. मग आम्ही चौकीत जाऊन बसलो. मी तुला बिस्किट दिलं, ते तू खाल्लं नाहीस, नुसतं मुठीत धरून ठेवलंस. आणि आईने कडेवर घेतलं तशी एकदम गप्प झालीस. तिच्या खांद्यावरच झोपलीस."

धाकटी बघत राहिली. पिवळा फ्रॉक! मुठीतलं बिस्किट! तिने तर फक्त एक वाक्य टाकलं होतं. दादाचे डोळे ओलेसुद्धा झाले होते.

"आईशी एवढ्यात यावर बोलू नकोस," तो म्हणाला. "तिला जड जातं."

आईचं दुःखसुद्धा त्याच्या मनाने तयार केलं होतं. धाकटीला हसू आवरेना. ती खोकल्याचं निमित्त करून उठली.

वर्गात तिचा प्रयोग सगळ्यांत गाजला. फ्रॉकच्या रंगाला तर टाळ्या पडल्या. बाई मात्र हसल्या नाहीत.

"भाऊ रडला म्हणतेस?"

"थोडासा, बाई."

"मग आजच खरं सांगून टाक. कुणाच्या मनात अशी आठवण घालून तसंच निघून यायचं नसतं."

तोवर तिला हे सुचलंच नव्हतं. शाळेतून ती परस्पर दुकानात गेली, तेव्हा तिचं पाऊल जरा अडखळतच होतं. बिचारा दादा. केवढा जीव तोडून सांगत होता.

दादा आतल्या बाजूला यंत्रावर काच घासत होता. तिला पाहून त्याने यंत्र बंद केलं आणि स्टूल पुढे सरकवलं.

"दादा, रागावणार नाहीस ना? मी हरवले होते, असं म्हटलं ना मी, ते खरं नव्हतं. मी कधी हरवलेच नव्हते."

दादा रागावला नाही. उलट त्याचा चेहरा निवळला. किती दिवसांचं ओझं उतरावं तसा तो हसला आणि त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"शेवटी सगळं सांगितलं म्हणायचं आईने," तो म्हणाला. "बरोबर आहे तुझं. आमच्याकडून तू कधीच हरवली नाहीस, वेडे. आम्हाला तू सापडलीस."