चाकांवरचं घर

निवृत्त झालो आणि पुण्यातला फ्लॅट विकून जीपमागे ओढायचा कॅम्पर ट्रेलर घेतला. तेव्हापासून दिसेल त्याला तो दाखवायची मला खोडच लागली.

खर्ड्याच्या किल्ल्याजवळ मी आणि बायको चहा करत होतो. ऊसतोडीला निघालेला एक ट्रॅक्टर शेजारी थांबला. ट्रॉलीत अंथरुणं, भांडी, कोंबड्या आणि माणसं. त्यातल्या लंकाबाई पाणी मागायला आल्या. मी पाणी दिलं आणि लगेच घडीचा पलंग, सरकती शेगडी, इवलीशी मोरी, सगळं उघडून दाखवलं.

"लई झ्याक हाय," त्या म्हणाल्या. "आन् घर कुठं हाय तुमचं?"

"विकलं! आता बारा महिने हेच घर," मी छाती फुगवून सांगितलं.

त्यांचा चेहराच उतरला. त्या ट्रॉलीकडे गेल्या आणि फडक्यात बांधलेल्या चार भाकरी आणून माझ्या बायकोच्या हातात ठेवल्या.



"राहू द्या ताई," लंकाबाई म्हणाल्या. "आमचं बरं हाय, ऊस संपला की पाडव्याला घरी तरी जातो आमी."