निर्धास्त सीट

एकोणिसाव्या तासाला शर्यतीची गाडी पिटमध्ये, दुरुस्तीच्या थांब्यावर, शिरली, तेव्हा तिच्या मागून धूर येत होता.

"अशेर, उतर! बॅटरी पेटलीय!" गाडीची डिझायनर हेमांगी ओरडली.

अशेर स्टिअरिंगवर हात ठेवून हसत होता. "ओरडतेस कशाला? बसलोय की आरामात."

पिटमधल्या चौघांनी पट्टा कापून त्याला बाहेर ओढलं. तरी तो जळत्या गाडीकडे कौतुकाने पाहत राहिला.

ती सीट हेमांगीनेच बनवली होती. चोवीस तास गाडी हाकणाऱ्याचा हात भीतीने थरथरू नये, म्हणून ती मानेतल्या नसांवाटे त्याची भीतीच बंद करायची. शर्यतीच्या नियमाप्रमाणे रस्त्यावरच्या गाडीतही तीच सीट आणि तीच बॅटरी बसवावी लागली होती. फक्त रस्त्यावर बाहेर ओढायला हे चौघे नसतात.

आणि तसलीच एक गाडी आज तिचे बाबा आंबा घाटात घेऊन गेले होते. एरवी पन्नासच्या पुढे न जाणारे बाबा.

तिने फोन लावला.

"बाबा, गाडी थांबवा आणि आधी उतरा!"

"उतरू कशाला?" बाबांचा आवाज अगदी शांत होता. "मागून जरा धूर येतोय, तेवढंच. काय सुरेख गाडी केलीस गं!"