हसरा फोटो

बायको गेली त्या दिवशी मुलगी म्हणाली, “बाबा, आईचा अलीकडचा एखादा हसरा फोटो द्या ना.”

त्याने मोबाईलमधले सगळे फोटो पालथे घातले. समोरचे चार दात पडल्यापासून प्रत्येक फोटोत तिचा हात तोंडावर होता.

रोबोटच्या मदतीने जबड्यात पक्के दात बसवायचं ठरलं होतं. दोनदा तारीख मिळाली, दोन्ही वेळा त्यानेच मोडता घातला. “यंत्राच्या हाती जबडा द्यायचा? आणि या वयात दात दाखवायचेत कुणाला?”

“अहो, तुम्हालाच!” तोंडावर हात ठेवून ती हसली होती.

तिसरी तारीख उद्याची होती. ती रद्द करायला तो दवाखान्यात गेला. बातमी ऐकून डॉक्टरबाईंनी कॉम्प्युटर त्याच्याकडे वळवला. रोबोटसाठी आखणी करताना त्यांनी दवाखान्यात काढलेल्या तिच्या फोटोवर नवे दात बसवून पाहिले होते. ती तोंडभरून हसत होती. तोच फोटो छापून घेऊन तो घरी आला.

मुलगी बघतच राहिली. “किती गोड हसतेय आई! कधीचा हो हा, बाबा?”

त्याने मान खाली घातली.

 

“कधीचाच नाही गं. हे दात तिला बसवायचे राहिले.”